आपले गुण कोणी सांगावेत?

मंडळातील स्नेह्यांनो,

मी माधव कृष्ण सावळे, बी. कॉम., जठारपेठेतील एका शाळेच्या निवड समितीचा सदस्य. संवादशास्त्रावरील विलायती पुस्तके आपण मंडळात वाचतो. त्यांच्याविषयी आज दुपारी जे पटले, ते कळवण्यासाठी लिहीत आहे.

शिक्षकाच्या जागेसाठी मोर्शीचे एक गृहस्थ मुलाखतीस आले होते. आमचे चिटणीस अशाच एका पुस्तकातून प्रश्न काढतात. त्यांनी विचारले, "तुमच्या अंगचे गुण सांगा."

गृहस्थ हसले. "थे मी कसं सांगू, साहेब? आपली आरती आपनच ओवाळाची काय? गावाले इचारा."

चिटणिसांनी 'आत्मविश्वास नाही' असा शेरा मारला. पुस्तकाप्रमाणे तो योग्यच होता, पण त्यामुळे ही जागा गृहस्थांच्या हातून जात होती.

मी विचारले, "सध्याच्या शाळेत चांगले कोण शिकवते?"

"आमच्या गवईबाई. पोरगं चुकलं त त्याले मधात तोडत नाहीत. पुरं बोलू देतात, मंग त्याच्याच तोंडून चूक काढून घेतात. मी बी थेच शिकून राहिलो."

ते बराच वेळ बोलले. शिकवणे त्यांना किती कळते, हे समितीला उमगले. चिटणिसांनी स्वतः शेरा खोडला आणि जागा त्यांना दिली.

विलायतेत माणूस आपली ओळख आपण देत असेल. वऱ्हाडात ती दुसऱ्याने द्यायची असते. ज्याला शास्त्र म्हणायचे, त्यात या रीतीचेही प्रकरण हवे. ते मंडळाने लिहावे, असा माझा प्रस्ताव आहे.

लेखक म्हणून स्वतःचे नाव कोणी पुढे करणार नाही. तेव्हा प्रत्येकाने दुसऱ्याचे कळवावे.

आपला,
मा. कृ. सावळे
अकोला, १२ जून १९६१