हाताला प्ले नको

उकंडराव मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की आधी बसत नसत. हाताशी येईल ती वस्तू दोन बोटांत धरून हलवून बघत. खुर्चीची पाठ, दाराची कडी, नळाची तोटी. मग निकाल देत, "प्ले आला!" माझ्या लग्नात त्यांनी मांडवाचा खांब हलवला होता आणि माझे वडील पंगत सोडून दोर आणायला धावले होते. प्ले म्हणजे गॅरेजच्या भाषेत ढिलेपणा. स्टेअरिंग थोडं फिरवलं तरी चाक जागचं हलत नाही, ते फुकट गेलेलं फिरणं म्हणजे प्ले. जऊळक्यात चाळीस वर्षं हा माणूस ट्रॅक्टरमधला आणि जीपगाड्यांमधला प्ले काढत आला. "ज्याच्या हातात प्ले, त्याच्या हातात गाडी देऊ नोका," असं ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत.

मी स्टेशनच्या रस्त्याला संगणकाचा क्लास चालवते. मिस्त्रीकाकांचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. असा अस्वस्थ माणूस मी दुसरा पाहिला नाही. चहा उभ्यानं प्यायचे, अर्धा झाला की कप घेऊन दारात जायचे, गाडी कोणाची गेली ते बघायचे, परत यायचे आणि बोलणं भलतीकडूनच सुरू करायचे. त्यांच्यासमोर पाच मिनिटं बसलं तर आपल्यालाही उगाच उठून काहीतरी करावंसं वाटे. काकू गेल्यावर तर पायाला भिंगरी लागली होती.

पासष्टी ओलांडली आणि त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. "त्यानं हात पाह्यला, मले चालोताना कुठी पाह्यलं?" असं म्हणून काकांनी विषय संपवला. त्यांची सून संगीता घरची जीप चालवायला त्यांच्याकडूनच शिकली होती आणि चांगली चालवायची. तिनं दोनदा किल्ली मागितली. काकांनी ती सदऱ्याच्या खिशात घातली आणि वरून हात ठेवला. घरात त्यावरून अबोला झाला.

अशात एका दुपारी ते पिशवी घेऊन क्लासमध्ये आले. पिशवीत एक जॉयस्टिक होती, पुण्याहून आलेला भाचा विसरून गेलेली.

"माय, यानं कम्प्युटरवर विमान चालोता येते म्हन्ते. लावून दे."

"आता विमान कायले, काका?"

"हात पाहाचा हाये."

मला वाटलं, म्हातारपणी नवा नाद. मी हसले आणि कामाला लागले.

खेळ उतरवून घेतला. त्यात एक यादी येते, वर जाणं, वळणं, वेग, चाकं, ब्रेक. एकेक ओळ निवडायची आणि जॉयस्टिकचा कोणता दांडा, कोणतं बटण त्यासाठी वापरायचं ते मशीनला दाखवून द्यायचं. मी माझ्या अकलेनं ठरवलं, वर जायचं तर दांडा पुढे. विमान धावलं, काकांनी दांडा मागे घेतला आणि विमानानं नाक जमिनीत खुपसलं.

"उलटं केलं तू. नांगर उचलाचा असन तं ट्रॅक्टरचा दांडा कुठी ओढतेत? मांगं! पुढं ढकलून नांगर वर आलेला कोनं पाह्यला?"

मी यादी उघडून उलटं केलं, आणि विमान सुरेख वर गेलं. वेगाची पट्टी त्यांनी डाव्या हाताला मागून घेतली, "तो रिकामाच बसून राह्यला." ब्रेक मात्र बोटाखालच्या बटणावर ठेवावा लागला, पायाला काही नव्हतंच. "ब्रेक कधी बोटानं मारतेत काय?" काका वैतागले. पुढे ते बोटानं बटण दाबत आणि उजवा पाय फरशीवर एवढ्या जोरात रोवत की बाजूचा मॉनिटर हलायचा.

मग रोज दुपारी, क्लास रिकामा असताना, त्यांची चक्कर ठरली. अकोल्याहून उडायचं, खाली रेल्वेचे रूळ धरून जऊळक्यावर यायचं, आपलं गॅरेज दिसतं का बघायचं, ते कधीच दिसत नसे, आणि परत अकोल्याला उतरायचं. जाणं-येणं चार दिवसांत जमलं. उतरणं जमेना. धावपट्टी समोर आली की हाताची थरथर विमानात उतरायची, पंख डावीकडे-उजवीकडे डुलायचे आणि एक पंख जमिनीला लागून सगळं संपायचं. काका उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. "आन पुन्हा." मी विमान पुन्हा उभं करून द्यायची. असं अकरा दिवस. मला बघवेना. त्या माणसाच्या हातानं आमच्या अख्ख्या भागाच्या गाड्या सरळ केल्या होत्या.

यादी चाळताना मला आणखी एक पट्टी सापडली. दांडा मधल्या जागेपासून किती हलेपर्यंत मशीननं त्याकडे काणाडोळा करायचा, ते त्यात ठरवता येतं. म्हणजे प्लेच तो. मी गुपचूप ती पट्टी बरीच पुढे सरकवली. दुसऱ्या दिवशी हात तसाच थरथरत होता, पण विमान ढिम्म सरळ. ते ओळखतील म्हणून मला धाकधूक होती. त्यांनी ओळखलं नाही. चाकं टेकली, विमान धावपट्टीवर थांबलं आणि मिस्त्रीकाका, मी पहिल्यांदाच पाहिलं, दोन मिनिटं खुर्चीत निवांत बसून राहिले. मलाही स्वतःचं फार कौतुक वाटलं.

मग त्यांनी खिशातून जीपची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"मनाशी ठरोलं होतं माय. विमान उतरलं तं किल्ली माह्यापाशी. नाई उतरलं तं संगीताले द्याची. उद्या सकाळी तिले अन् नातीले घेऊन कारंज्याले जातो. मीच चालोतो."

किल्ली उचलून ते शीळ घालत गेले. मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी तशीच घरी आले. मग मात्र घरात माझा जीव थाऱ्यावर राहीना. भाजी करपली, नवऱ्यावर खेकसले, तीनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. एवढ्या आनंदात असलेल्या माणसाला काय सांगायचं?

सकाळी जीप सुरू झाल्याचा आवाज आला तशी अनवाणी धावले. संगीता लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. मी बॉनेटसमोर उभी राहिले.

"काका, इंजिन बंद करा. काल विमान उतरलं ते तुमच्या हातानं नाई. मी त्याच्यात प्ले टाकला होता."

इंजिन बंद झालं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "किती?"

मी अंगठा आणि बोट यांच्यातलं अंतर दाखवलं. त्यांनी माझी बोटं निरखून पाहिली.

"काका, तो तं खेळ हाये. विमान वेगळं, जीप वेगळी..."

"हात तं एकच हाये ना?" ते खाली उतरले. "चाल. काढ तो."

क्लास उघडून मी पट्टी शून्यावर आणली. ते चार वेळा उतरायला आले आणि चारही वेळा पंख लागला. पाचव्या खेपेसाठी "आन पुन्हा" ऐकायला मी थांबले होते. ते आलं नाही. खुर्ची मागे सरकवून ते उठले आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेले.

संगीता अजून जीपमध्येच होती. काका तिच्या बाजूच्या दाराशी गेले आणि किल्ली पुढे केली. "उतर. तिकडून बस." तिला काही कळेना. नातीला त्यांनी स्वतः घेतलं, डाव्या बाजूला बसले आणि गाडी निघाली. मी रस्त्यातच उभी राहून रडले.

त्यानंतर दोन वर्षं ते होते. क्लासमध्ये पुन्हा आले नाहीत. माझ्याशी बोलायचे, पण कामापुरतं, आणि मी ते माझ्या लबाडीचं फळ म्हणून मुकाट्यानं घेतलं. शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळले, तेव्हा एकदा धीर करून जवळ बसले आणि विचारलं, "काका, माह्यावरचा राग गेला काय?"

त्यांनी मान हलवली.

"राग तुह्यावर नोता, माय. तू एवढा प्ले टाकला," त्यांनी थरथरता अंगठा आणि बोट जमेल तसं समोर धरलं, "अन् मले, मिस्त्रीले, समजला नाई."