जिन्याखालची तीन पिल्लं

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर वेडंवाकडं. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. हे वाचणारं कोणी नाही, तरी माफी मागून ठेवते.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. आम्ही तिथल्या गुढियारी वस्तीत भाड्याने राहायचो, हे उरला भागात लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये होते. दिवाळीची सफाई काढली होती. सायकलवर फिनाईल विकणारा यायचा, त्याच्याकडून बाटलीभर घेतलं. बादलीत झाकणभरच टाका, असं तो म्हणाला होता. पण जिन्याखाली कुत्री व्यायली होती, तिथे वास फार. मी पाणी न घालता तसंच ओतलं. पिल्लं तेव्हा अंगणात उन्हात होती. दुपारी ती आपल्या जागी गेली आणि त्या ओल्यातच झोपली.

उठली तेव्हा तिघांची पोटं लाल, तोंडाला फेस. भाजल्यावरचा एकच इलाज मला ठाऊक होता. तेलात हळद कालवून पोटांना चोपडली. ती त्यांनी चाटली, तेलाबरोबर फिनाईलही पोटात गेलं.

समोरच्या दीदीने पाहिलं. माझ्या हातात नोटा कोंबल्या आणि रिक्षा थांबवली. समता कॉलोनीतल्या जनावरांच्या डॉक्टरने विचारलं, "क्या लगा है इनको?" मी मान खाली घालून उभी. आपल्याच हातचं होतं, तोंडातून निघेना.

"बोलिए तो सही, तभी इलाज होगा."

एक पिल्लू टेबलावरच गेलं, तेव्हा मी बोलले. डॉक्टर रागावला नाही. उरलेल्या दोघांना कोमट पाण्याने, साबणाने धुतलं, टॉवेलात गुंडाळलं, सुई दिली. "पहले धोना था," एवढंच म्हणाला.

पहाटे दुसरं गेलं. हे म्हणाले, "मानसाच्या दवाईले पैसा नाही, अन् तू कुत्र्यायले रिक्षात फिरवून राहिली!" मग त्यांनीच तिसऱ्यासाठी पोतं अंथरलं.

तिसरी, ती पोट्टी, जगली. पोटावर केस मात्र आले नाहीत. कुत्री कितीतरी दिवस जिन्याखाली हुंगत फिरायची. मी तिकडे न पाहता पाणी भरायची.

दीदीकडे उडदाच्या बड्या, आपले सांडगे, घालायला जायची, मजुरीतून तिचे त्या दिवशीचे पैसे वळते व्हायचे. थंडी संपता संपता दीदी हसून म्हणाली, "कुत्तों का करजा तो बेटी की शादी जैसा चला!" मला हसू आलं नाही. उरलेल्या दोन नोटा तिच्या सुपात ठेवल्या. पैसे पुरते फिटले.