मुका तास

शाळा चावडीला लागूनच होती. मधे एकच मातीची भिंत, आणि तिच्या वर वाऱ्यासाठी हातभर जागा मोकळी सोडलेली. चावडीत कुणी शिंकलं तरी माझ्या वर्गात कळायचं. माझी पोरं पाढे म्हणू लागली की चावडीतल्या माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू यायचं नाही. निजामाच्या अमलातलं, दुधनेच्या काठचं ते गाव. मानवतहून बैलगाडीनं अर्धा दिवस. मी तिथला एकटाच मास्तर होतो. वय बावीस.

पहिल्या सहा महिन्यांतच माझ्या ध्यानात आलं की ठरवलेला धडा ठरवल्या दिवशी होतच नाही. वेचणी लागली की अर्धा वर्ग कापसात. पुस्तकं तालुक्याहून निघालेली, पण वाटेत कुठं थांबली कुणाला ठाऊक नाही. कधी खडू संपलेले, कधी छप्पर गळतंय, कधी मलाच तहसीलीत बोलावणं. म्हणून मी शुक्रवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, एक कापडी पिशवी भरून ठेवू लागलो. हिशेबाला चिंचोके. जमीन मोजायला गाठी मारलेली सुतळी. चिठ्ठ्यांवर कोडी आणि अर्ध्यावर सोडलेल्या गोष्टी. पुढचं पोरांनी रचायचं. धडा मोडला की पिशवीत हात घालायचा. तालुक्याच्या दुसऱ्या कुठल्या मास्तराजवळ अशी तयारी नसेल, असं मला वाटायचं, आणि ते वाटणं मला आवडायचं.

सगळ्यांत अवघड प्रसंग दौऱ्याचा. बडे अंमलदार येत, चावडीत उतरत आणि दुपारी जेवून आडवे होत. मग चपराशी येऊन पोरांना गप्प बसवायला सांगे. पोरं घरीही पाठवता येत नसत; साहेब गावात आणि शाळेला कुलूप, हे चालणार कसं? त्यासाठी मी मुका तास काढला. कुणी ओठ हलवायचा नाही. डोळे मिटून ऐकायचं आणि जे जे ऐकू येईल ते पाटीवर लिहायचं. ज्याचे आवाज जास्त, तो पहिला. पोरांना त्याचं वेड लागलं. बैलाचं रवंथ, कुणाच्या तरी घरातलं जातं, पारव्याच्या पंखांची फडफड. मला कधी ऐकू न आलेलं पाट्यांवर उमटायचं.

ह्यात सगळ्यांच्या पुढे असायची एक धनगराची मुलगी. नऊ वर्षांची. शाळेत मुली दोनच, त्यातली ही. शेरडांच्या मागं हिंडून तिचे कान तयार झाले होते. कोणतं शेरडू कुणाचं, हे ती घंटीवरून सांगायची.

त्या दिवशी ऊन कडक होतं. अंमलदार सकाळीच आले होते. दुपारी चपराशी दारात आला.

"मास्तर, साहेब आराम कर रैं. बच्चों का आवाज नै आना."

मी मान हलवली आणि बोट ओठांवर ठेवलं. पोरांचे डोळे चमकले. पाट्या पुढं ओढल्या गेल्या.

थोडा वेळ नेहमीचंच सगळं. मग चावडीच्या अंगणात शेरडाचं ओरडणं आणि एका माणसाचा काकुळतीचा आवाज. "दुभती हाय मालक. दुसरी न्या, पन ही नका. लेकराचं दूद हाय तिच्यावर."

साहेबांच्या रात्रीच्या जेवणासाठी बकरं धरून आणायला माणसं गेली होती. त्यांनी हाती लागलं ते आणलं होतं. मोबदला कधी मिळत नसे. तो मागायचाही नसे.

चपराशी दबक्या आवाजात शिव्या देऊ लागला. साहेब झोपलेले ना. मग एक चापट. मग, "झुक. और झुक." मग दगड उचलताना होतो तसा हुंकार, आणि त्या माणसाचा श्वास.

मी उठून दारात गेलो. अंगणात तो ओणवा उभा होता. पाठीवर जात्याएवढा दगड, घाम नाकावरून गळत होता. चपराशानं माझ्याकडं पाहिलं आणि बोट ओठांवर ठेवलं, मी पोरांना दाखवतो अगदी तसंच. मला काहीतरी बोलायचं होतं. नोकरी सतरा महिन्यांची, घरी आई आणि दोन बहिणी. मी आत आलो.

पोरं डोळे मिटून ऐकत होती, मधेच उघडून लिहीत होती. बहुतेकांना हे खेळातलंच वाटत होतं. ती मुलगी मात्र डोळे उघडून भिंतीच्या वरच्या फटीकडं पाहत होती. मी तिच्या मागून गेलो. पाटीवर तीन शब्द होते. चिमणी. आमची ढवळी. बा.

ती रडत नव्हती. तिनं तोंड वर करून मला विचारलं, नुसत्या ओठांनी, आवाज न करता, "जाऊ का?"

मी मान हलवून नाही म्हणालो. जाऊन ती काय करणार होती, आणि तिचं काय झालं असतं, ह्याची भीती मला होती, हे खरंच. पण तिनं ऐकलं, मास्तर सांगतात म्हणून. शेवटपर्यंत गप्प बसली. ते अजून मला सोसत नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या पालावर गेलो. तो पालथा पडला होता. बायको पाठीला हळद लावत होती. मुलगी आत गेली ती बाहेर आली नाही.

"मला काही करता आलं नाही," मी म्हणालो.

"तुमी काय करनार मास्तर," तो म्हणाला. "तुमी बी सरकारचेच." त्यात राग नव्हता. मला पाणी द्यायला त्यानं बायकोला सांगितलं.

साहेबांनी जाताना शाळेच्या भेटवहीत उर्दूत शेरा लिहिला, की अशी अदबशीर शाळा या दौऱ्यात दुसरी दिसली नाही. तो शेरा तालुक्याला पोचला आणि महिन्याच्या बैठकीत मला उभं केलं गेलं. तीस-बत्तीस मास्तरांसमोर मी मुका तास समजावून सांगितला. आजारी पडायचं मनात आलं होतं, तेवढंही धैर्य झालं नाही. एका म्हाताऱ्या मास्तरांनी विचारलं, "पोरं लिहितात तरी काय?"

"पाखरं, वारा," मी म्हणालो. "असलंच."

मुलगी त्यानंतर आली नाही. तीन महिने मी तिचं नाव पुकारत राहिलो. पुढं पालही उठलं, कुणी सांगितलं गंगेकडं, म्हणजे गोदावरीकडं गेले. नियमाप्रमाणे नाव कमी करावं लागलं. कारणाचा रकाना बोटभर रुंद होता. मी त्यात 'घरकाम' असं लिहिलं आणि खाली सही केली.