गाडी काय म्हैस हाय का?

मी आणि बायकोनं मिळून शेवटचं काय केलं असेल, तर पिकअपमधल्या टेपचं घड्याळ लावलं. हळदीची पोती घेऊन सांगलीला निघालो होतो. त्या घड्याळात रोज सकाळी बाराच वाजलेले असायचे. मी बटणं दाबत टेप विकणाऱ्याच्या नावानं बोंबलत होतो आणि ती शेजारी बसून पदराआड हसत होती.

"आवं, तुमच्या गाडीचं रोजच बारा वाजत्यात."

"गाडीचं न्हाई, टेपाचं. गाडी मी दुरुस्त केलीया."

"व्हय की. लय मोठं मेस्तरी तुमी. आठ लावा."

मी आठ लावले. त्यानंतर चौथ्या दिवशी ती दुपारची जरा आडवी झाली, ती उठलीच नाही.

ती दुरुस्ती काय होती ते सांगतो. वर्षापूर्वी पिकअपची बॅटरी रात्रीत उतरायला लागली. सकाळी किल्ली फिरवली की नुसतं टक्. मग मी दार धरून ढकलायचो आणि ती मागनं. कुंडलच्या वायरमनकडं गर्दी होती. तो म्हणाला, "आबा, कुठंतरी करंट गळतोय. सवडीनं शोधू. तवर रोज सांजच्याला बॅटरीचं एक टर्मिनल काढून ठेवा, सकाळी लावा."

मी तिच्यादेखतच उखडलो. "गाडी काय म्हैस हाय का, रोज सोडायला आन् बांधायला?"

घरी येऊन मीच वाकलो. हॉर्नची एक वायर सोललेली दिसली, तिला काळी पट्टी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी गाडी एका किल्लीत चालू. तिसऱ्या दिवशीही. मग काय, फाट्यावरच्या चहाच्या टपरीत छाती काढून सांगितलं, शाळा चौथी, पण गळती मी काढली! शेजारच्या गावातल्या माझ्या दोस्ताची पिकअपही तसलीच आणि दुखणंही तेच. त्यानं माझं ऐकून सगळ्या वायरी गुंडाळल्या, तरी त्याला रोज ढकलावी लागायचीच. "तुझ्या हाताला गुणच न्हाई," म्हणून मी त्याला चिडवायचो. टपरीतले लोक मला इंजिनेर म्हणायला लागले. मी म्हणू दिलं.

तिचे दिवस झाले. चौदाव्या दिवशी किल्ली फिरवली. टक्. म्हटलं, पडून होती, उतरली असेल. चार्ज करून आणली. दुसऱ्या सकाळी पुन्हा टक्. शेवटी वायरमनला घरी बोलावलं.

त्यानं सगळं बंद केलं, टर्मिनल सोडलं आणि त्याच्या नि वायरीच्या मधे एक बारका बल्ब जोडला. बल्ब लागला. "बघा, गाडी झोपलीय, करंट जागा हाय." एकेक फ्यूज उपसला, बल्ब लागलेलाच. बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनमाची जाड वायर सोडली, तसा विझला.

"डायनमातला डायोड गेलाय, करंट उलटा जाऊ देत न्हाई तो. दिवसा बॅटरीला पाजतोय, रातीला सगळं पिऊन टाकतोय. जुनं दुखणं दिसतंय, आबा. वरीसभर गाडी चालली कशी?"

"मी पट्टी लावलीया हॉर्नच्या वायरीला."

"हॉर्नचा काय संबंध?" तो हसला आणि बोटानं दाखवलं. एका टर्मिनलवर पांढरा भुगा साठला होता. दुसऱ्याचा नट मात्र चांदीगत चकाकत होता. "ह्यो कुणीतरी रोज फिरवलाय. टर्मिनल काढलं की टेपातलं घड्याळ बारावर येतंय. तुमच्या ध्यानात न्हाई आलं?"

बॅटरीचा खोका गाडीच्या मागच्या हौद्याखाली, बाहेरच्या अंगाला. त्याला लागूनच आमचं खुराडं. ती सांजच्याला कोंबड्या कोंडायला तिथं वाकायची, आणि सकाळी मी उठायच्या आत सोडायला. मी खुराड्याच्या छपरावर हात घातला. माझा दहा नंबरचा पाना तिथंच होता. तो शेजाऱ्यानं चोरला असं धरून मी त्याच्याशी दोन महिने बोललो नव्हतो.

वर्षभर तिनं माझी म्हैस सोडली आणि बांधली, आणि मला इंजिनेर राहू दिलं. भांडावं तर आता समोर नाही. "आगं, एकदा तरी तोंड उघडायचं हुतंस," मी खुराड्यालाच म्हणालो. वायरमन मान खाली घालून डायनमा उतरवत राहिला.

तो गप्प बसणारा माणूस. मीही गप्प बसलो असतो तर इंजिनेरच राहिलो असतो. दोस्त तिकडं ढकलत राहिला असता, आणि तिनं काय केलं ते कुणाला कळलं नसतं.

संध्याकाळपर्यंत त्यानं नवा डायोड बसवला, बॅटरी चार्ज केली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पहिल्या किल्लीत चालू झाली. मी सरळ दोस्ताच्या दारात गेलो. नवराबायको दोघं गाडी ढकलत होते.

"थांब रं. त्या पट्टीनं काय बी झालं न्हवतं. माझी बायको रोज टर्मिनल काढत व्हती. मला न सांगता."

त्यानं कमरेवर हात ठेवले. "म्हंजी मी वरीसभर पट्ट्या गुंडाळल्या त्या?"

"उगंच."

"आन् वैनी?"

"तीच इंजिनेर."

"मला कवाच वाटलं हुतं," त्याची बायको मागनं म्हणाली. "तुमा दोघांत मिळून अर्धं डोकं!"

मी दोर काढला, त्याची गाडी माझ्या गाडीला बांधली आणि वायरमनकडं ओढत निघालो. वाटेत फाट्यावर थांबलो आणि टपरीत जाऊन बायकोचं तेच पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं, सांगितलं.