उखाणा कोपरापर्यंत

लोणावळ्यातली टॅटूची दोन दुकानं मी बघताक्षणी नापास केली. एकात हातमोजे न बदलताच दुसरं गिऱ्हाईक घेतलं. दुसऱ्यात सुई नवी आहे का म्हणून विचारलं, तर दुकानदार हसायलाच लागला. मनगटावर एवढंसं फुलपाखरू हवं होतं मला, त्यात हा ताप!

तिसऱ्या दुकानात माझ्याआधी एक मावशी बसल्या होत्या. नऊवारी, हनुवटीवर जुनं हिरवं गोंदण. समोरच्या दाढीवाल्याला दटावत होत्या, "सुई माज्या म्होरं फोड. जत्रंत एकाच सुईनं आख्खी आळी गोंदली व्हती, हात लय सुजलता माजा."

त्यानं निमूटपणे बंद पाकीट त्यांच्यासमोर फोडलं, नवे हातमोजे चढवले. माझं दुकान ठरलं.

"काय काढायचं, मावशी?"

"आमच्या मालकांचं नाव."

"काय नाव?"

मावशींनी पदर तोंडाला लावला. लाजून लाल झाल्या, आणि मग एका दमात म्हणाल्या, "पवनंच्या पाण्यावर इंद्रायणी भात, शंकररावांचा माज्या हातात हात!"

मी टाळ्याच पिटल्या. दाढीवाला मान डोलावून आत गेला आणि कागदावर छापा काढून घेऊन आला. मनगटापासून कोपरापर्यंत अख्खा उखाणा! मुंबईची गिऱ्हाइकं अशाच ओळी घेऊन येतात, बिचाऱ्याला वाटलं, ह्याही तसल्याच.

हसता हसता मी खुर्चीवरून घसरले. तो ओशाळून म्हणाला, "चुकलं, मावशी. नुसतं नाव ठेवतो."

मावशींनी कागद हातावर धरून पाहिला.

"नगं. नुसतं नाव आजवर तोंडानं घेतलं न्हाई, आता हातानं कसं घिऊ? आख्खंच काढ!"