कोपऱ्यात न मावणारं अक्षर

आमची आत्या पाट्या रंगवते आणि तिचा जीव जडलाय अक्षराच्या एकाच वळणावर. उभे दांडे जाडजूड, बाकी रेघा केसाएवढ्या, टोकं नाजूक! दागिन्यांच्या दुकानावर हे अक्षर हातभर उंच उभं राहिलं, की रस्ता थबकतो. पण पाटीच्या कोपऱ्यात स्वतःचं नावही ती हट्टानं त्याच वळणात, नखाएवढं काढायची. बारीक रेघा उन्हानं उडायच्या, उरायचं नुसतं दांड्यांचं कुंपण.

काल तिच्या स्वतःच्याच दुकानाची पाटी रंगवायची होती. “नाव कोपऱ्यातच ना?” मी विचारलं.

“हट्! लहान केलं की मरतं हे अक्षर. शिडी धर!”

भिंतभर नाव झळकलं. कायम ‘ओ पाटीवाल्या बाई’ म्हणणाऱ्या समोरच्या शिंप्यानं पहिल्यांदाच तिला नावानं हाक मारली, आणि आत्या शिडीवरून पडता पडता वाचली!