ओगदो मावशीनं घर उचललं

दूर उत्तरेतल्या आमच्या गावात जमिनीला ऊब लागू द्यायची नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. वर थोडी माती, तिच्याखाली बारमाही बर्फ. घरातली धग खाली झिरपली की तो वितळतो आणि घर बसायला लागतं. माझ्या शेजारच्या ओगदो मावशीचं लाकडी घर असंच नदीच्या बाजूला कलत गेलं. ताटलीतला रस्सा एकाच काठाला साचायचा.

मावशीनं उभा जन्म घोडागाडीवरून आणि बर्फावरच्या घसरगाडीवरून टपाल वाटलं. नवरा लवकर गेला. मुलगा, ज्युलुस, नदीपलीकडे शहरात राहायचा. तो फोनवर म्हणायचा, "आई, नदी गोठली की न्यायला येतो. सामान बांधून ठेव. ते घर पडणार आता."

"पडलं तर माझ्यावर पडेल, तुझं काय जातंय?" असं म्हणून मावशी फोन ठेवायची. मग बराच वेळ भिंतीवरून हात फिरवत बसायची. त्या भिंतींचे ओंडके तिनं नवऱ्याबरोबर स्वतः रचले होते.

त्या वर्षी ऑक्टोबरअखेर नदीत बर्फाच्या लाद्या वाहायला लागल्या. फेरीबोट बंद झाली आणि ट्रक पेलण्याइतका बर्फ अजून धरला नव्हता. नेहमीप्रमाणे काठावर ट्रकांची रांग लागली. अडकलेल्या ड्रायव्हरांना मावशी घोड्याच्या मटणाचा रस्सा खाऊ घालायची.

एके दुपारी गाव्रील नावाच्या आडदांड ड्रायव्हरची वाटी टेबलावरून घसरली ती थेट त्याच्या मांडीवर.

"मावशे, हे घर आहे का घसरगुंडी?"

मावशी हसली नाही. "तुझ्या ट्रकात जॅक आहे ना रे?"

"आहे की."

"आणि बाकीच्यांच्या?"

गाव्रील मांडी पुसत म्हणाला, "म्हणजे आम्ही घर उचलायचं?"

"मग काय, रस्सा नुसता ढोसणार?"

दुसऱ्या दिवशी शेगडी विझवली, धुराडं सोडवलं. वरची माती कडक गोठली होती, त्यामुळे जॅक रुतायची भीती नव्हती. खचलेल्या बाजूला सगळे ड्रायव्हर आपापले जॅक लावून ओळीनं बसले. आम्ही गावकरी ओंडके घेऊन तयार.

"हळू! सगळे एकदम!" गाव्रील ओरडला.

घर करकरलं. मग आत फाडकन काहीतरी तडकलं आणि सगळ्यांचे हात थांबले.

"थांबलात कशाला?" मावशी म्हणाली. "म्हातारं आहे, उठताना हाडं वाजणारच!" पण माझी बाही तिनं घट्ट धरली होती.

खचलेली बाजू वर आली. मग उरलेल्या बाजूही तेवढ्याच उचलल्या आणि खाली ओंडके सारले. आता घराखालून वारा खेळणार होता, जमीन गोठलेली राहणार होती. मावशी आत गेली, टेबलावर काठोकाठ चहा भरलेला पेला ठेवला. थेंबही सांडला नाही. बाहेर ड्रायव्हरांनी टोप्या उडवल्या आणि मावशी दारात उभी राहून रडली, हसली, पुन्हा रडली.

नदी गोठल्यावर ज्युलुस आला. घराभोवती फिरला, वाकून खाली बघितलं.

"आई, हे कुणी केलं?"

"मी. बूट झटकून आत ये."

"आणि सामान?"

"बांधलंय ना. तुझ्यासाठी मासे."

पुढच्या वर्षी फेरीबोट बंद झाली, तेव्हा कललेल्या घरांतल्या बायका काठावर ड्रायव्हरांची वाट अडवून उभ्या होत्या. "आधी आमच्याकडे जेवायला चला!"